पन्हळीचे दिवस

१

आमच्या वायरलेसच्या खोलीत दोन वह्या असतात, एक कच्ची आणि एक पक्की. पाळीवर असताना जे जे कानावर पडेल ते कच्च्या वहीत पेन्सिलीने टिपायचं. पाळी संपताना त्यातलं कामाचं तेवढं पक्क्या वहीत शाईने उतरवायचं आणि कच्चं पान फाडून टोपलीत टाकायचं. कामाचं म्हणजे काय, हे कुठल्याही नियमपुस्तकात नाही. मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आपल्या पाण्यातलं तेवढं चढवायचं. लांबचं गाळायचं. नाहीतर वही भरेल आणि डोकं फिरेल."

लांबचं म्हणजे क्षितिजापलीकडचं. आमची खोली टेकडीवर आहे, खाली बंदर आणि समोर समुद्र. एरवी सेटवर चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंतच्या बोटी ऐकू येतात, कारण या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी काही त्यांच्यासाठी सरळ होत नाही. पण वर्षातले काही दिवस वेगळे असतात. वारा पडलेला असतो, समुद्रावर तेल ओतल्यासारखं वाटतं. पाण्यालगत गार हवा बसते आणि तिच्यावर कोरड्या, तापलेल्या हवेचं झाकण. लहरी त्या झाकणाखाली अडकतात आणि पन्हळीतून पाणी जावं तशा समुद्राला धरून वाकत वाकत कुठल्या कुठे पोचतात. अशा दिवशी आठशे किलोमीटरवरचा माणूस शेजारच्या खोलीत बसल्यासारखा बोलतो. आम्ही त्यांना पन्हळीचे दिवस म्हणतो.

त्या दिवशी परक्या हाकेला उत्तर द्यायचं नसतं. त्यांचं त्यांचं बंदर आहे, तिथे त्यांचा माणूस बसलेला आहे, आपण मध्ये तोंड घालायचं नाही. पेन्सिलीने 'लांबचा' असं लिहायचं आणि पुढे जायचं. तो शब्द मी हजार वेळा तरी लिहिला असेन. त्यातला एक मला अजून झोपू देत नाही, आणि तो मी कुठल्या तोंडाने सांगू हेच वर्षभर कळलेलं नाही.

२

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. पन्हळीच्या एका सकाळी घाबरलेला आवाज आला. आग लागलीय म्हणाला, खडकाजवळ आहे म्हणाला. खडक आमच्याकडेही आहे. मी मागचापुढचा विचार न करता बचावाची बोट सोडली. आठ माणसं सहा तास खडकाभोवती घिरट्या घालत राहिली. आग लागलेली बोट भलत्याच बंदराच्या भलत्याच खडकाजवळ होती, आणि तिथल्या लोकांनी ती कधीच विझवलीही होती. आमची माणसं उन्हाने सोललेली नाकं घेऊन परत आली. त्या दिवसापासून माझं नाव 'लांबपल्ले' पडलं. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा विचारायचा, "काय लांबपल्ले, आज कुठला देश बुडतोय?"

सगळ्यात जास्त चिडवायचे ते भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बंदराच्या वाटेवर नंबर घातलेले तरंगते बोये नांगरून ठेवलेले असतात, त्यांच्यावरचे दिवे ते सांभाळायचे. लहान बोटीने एकेका बोयापाशी जायचं, काच पुसायची, बॅटरी बदलायची आणि पुढच्याकडे सरकायचं. माझी नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती. जेवायला बसलो की ते रिकामा पेला तोंडाला लावून पुसट आवाज काढायचे, "लांबपल्ले, लांबपल्ले, ऐकतोयस ना? बुडतोय रे मी, बोट पाठव!" ताई म्हणायची, "पुरे हो, रडेल तो," आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायची. मीही हसायचो. आतून मात्र माझा तिळपापड व्हायचा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर साधं पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो. हाक आली की आधी माझ्या मनात यायचं, पुन्हा हसं तर नाही ना होणार? माणूस वाचेल की नाही, हा प्रश्न त्याच्या मागून यायचा.

३

गेल्या वर्षीची ती सकाळ पन्हळीची होती. आठ वाजल्यापासूनच लांबचे आवाज सुरू झाले. समुद्रापलीकडच्या बंदरातला, जहाजांना वाट दाखवणारा पायलट त्यांच्या चार नंबरच्या बोयाबद्दल कुरकुरत होता. कुणी बर्फाचा भाव विचारत होता. आवाज सगळे एकदम फुगत आणि एकदम विरत, जसे पन्हळीत नेहमी होतात. मी पेन्सिलीने लिहीत होतो, लांबचा, लांबचा, लांबचा.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी एक हाक आली. फार पुसट. पाणी आत येतंय, इंजिन गेलंय, सहा नंबरजवळ. तीन वेळा हाक, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा तीन वेळा. सेटवर काम करणारा माणूस अशीच हाक देतो.

सहा नंबर कुठल्या बंदरात नसतो? भावोजी त्या दिवशी दोन आणि तीन नंबरवर जाणार होते, सोबतचा खलाशी आजारी म्हणून एकटेच. त्यांचा सेट हातातला असला तरी दोन-तीन नंबरवरून तो इतका पुसट येत नाही. असा सगळा हिशोब मी मनातल्या मनात करून टाकला. पेन्सिलीने लिहिलं, 'लांबचा. सहा नंबर.' मग सेटचा आवाज बारीक केला आणि चहा करायला उठलो.

पाण्यालगतचा आवाज पन्हळीत शिरला की आठशे किलोमीटरवर खणखणीत पोचतो, आणि टेकडीवर, झाकणाच्या वर बसलेल्या माणसाला पुसट येतो. पन्हळीच्या दिवशी जवळचा माणूसही लांबचा वाटू शकतो. हे मास्तरांनी मला शिकवलं होतं, आणि मला ते पाठ होतं.

बारीक केलेल्या सेटवर दहा वाजेपर्यंत हाक येत राहिली. चहा पिऊन झाल्यावर मी आवाज मोठा केला तेव्हा ती थांबलेली होती.

४

संध्याकाळी भावोजी परतले नाहीत. दीड दिवस सगळे दोन आणि तीन नंबरच्या आसपास शोधत राहिले, कारण ते तिथे जाणार होते. कच्च्या पानावर सहा नंबर लिहिलेला होता, पण ते पान मी पाळी संपताना नेहमीसारखं फाडून टाकलं होतं. रात्री ताईच्या घरी बसलेल्या माणसांत मी बसलो होतो, आणि तेव्हा एकदा माझ्या तोंडाशी ते आलंही. पण मग सांगावं लागलं असतं की मी ऐकलं होतं. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी वाटलं, आता सांगून काय उपयोग. तिसऱ्या दिवशी एका मच्छीमाराला सहा नंबरच्या पलीकडे त्यांच्या बॅटरीच्या खोक्याचं झाकण तरंगताना सापडलं. बोट नाही आणि माणूसही नाही.

चौकशीला आलेले साहेब भले होते. त्यांनी पक्की वही मागितली, पानं उलटली आणि विचारलं, "त्या सकाळी तुमच्या पाण्यातली एकही हाक नाही?"

"वहीत आहे तेवढंच, साहेब."

"अक्षर छान आहे तुमचं," ते म्हणाले.

त्यांनी लिहिलं की हाक मारायलाही वेळ मिळालेला दिसत नाही, तेव्हा बॅटरीच्या गॅसचा भडका उडून सगळं एका क्षणात झालं असावं. ताईने तो कागद किती वेळा वाचला असेल देव जाणे. तेराव्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्याला टेकून उभी होती. "एका क्षणात म्हणजे त्यांना कळलंही नसेल ना रे?" तिने विचारलं. "तू त्यातला आहेस म्हणून विचारते. त्रास झाला नसेल ना?"

"नाही झाला, ताई."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी लहान असताना ताप आला की फिरवायची, तसाच. त्या हाताखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी तिच्या घरी जाणं हळूहळू कमी केलं, आणि मग थांबवलंच.

५

या वर्षी समुद्रावर हवेचं झाकण पहिल्यांदा बसलं त्या सकाळी मी पाळीवर होतो. लांबचे आवाज जमायला लागले. मी पेन्सिल घेऊन बसलो. नऊ चाळीसला हाक आली.

इंजिन गेलंय, पाणी आत येतंय, सहा नंबरजवळ. तीन वेळा, मग मिनिटभर शांतता.

मी स्वतःला समजावलं की अशा हाका सगळ्या सारख्याच असतात. दुसऱ्या दिवशी तीच हाक त्याच वेळेला आली तेव्हा म्हटलं, कुठल्यातरी बंदरात शिकाऊ लोकांची तालीम चालली असेल, रोज नऊ चाळीसला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, कुणीतरी जुनं रेकॉर्डिंग लावतंय. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मला तो आवाज भावोजींसारखा वाटतोय. हातातल्या सेटची बॅटरी आठ तास चालते आणि मधे अकरा महिने गेले होते. हे गणित माझ्या बाजूचं होतं आणि मी ते घट्ट धरून बसलो.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. पन्हळीतले आवाज एकदम फुगतात आणि एकदम विरतात. त्या तिसऱ्या सकाळी पायलट विरला, बर्फवाला विरला, सगळे विरले, आणि हा आवाज जिथल्या तिथे होता. फुगत नव्हता, विरत नव्हता. जो लांबून येत नाही तो असा येतो. मग मला आठवलं की गेल्या वर्षी त्या दिवशीही तो विरला नव्हता. मी तेव्हाही हे ऐकलं होतं आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

चौथ्या दिवशी हाकेनंतरच्या शांततेत दुसराच आवाज आला. पलीकडच्या बंदरातले काका. तिथे सेटवर बसणारे हे म्हातारे गृहस्थ पन्हळीच्या दिवशी कधीतरी नियम मोडून रामराम घालायचे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही.

"टेकडीवाले, ऐकताय का?"

मी माइक उचलला. "बोला काका."

"तुमचा माणूस हाका मारतोय. घेत का नाही?"

"कुठला माणूस?"

"अहो कुठला काय? तुमच्या सहा नंबरवरचा. आमच्याकडे घंटेसारखा स्पष्ट येतोय. गेल्या वर्षीही असाच ओरडत होता बिचारा. म्हटलं तुमचा आहे, तुम्ही घेतलाच असेल. आपण कशाला मध्ये पडा." ते थांबले. "घेतला होता ना?"

मी माइक खाली ठेवला. खोलीत पंख्याचा आवाज होता, भिंतीवरच्या घड्याळाचा होता, आणि सेटमधून पाणी लाकडावर आपटल्याचा बारीक आवाज येत होता. माझे कान लाल झाले होते. आठशे किलोमीटरवरच्या माणसाला ते दिसणार नव्हते, तरी मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

६

एक गोष्ट मी वर गाळली आहे. गाळायची सवयच लागली आहे म्हणा ना.

गेल्या वर्षी त्या सकाळी हाकेत आणखी काही शब्द होते. इंजिन, पाणी, सहा नंबर, हे सगळं झाल्यावर तो आवाज म्हणाला होता, "लांबपल्ले, ऐकतोयस ना?"

आठशे किलोमीटरवर मला लांबपल्ले म्हणणारा कुणी नाही. आवाज कुणाचा आहे ते मला पहिल्याच क्षणी कळलं होतं. मला वाटलं, हे पेला तोंडाला लावून चाललंय. दोन-तीन नंबरवर हे काम उरकून बसलेत, वारा नाही, कंटाळा आलाय, म्हणून आता सेटवरच सगळ्या बंदरासमोर माझी टिंगल. उत्तर दिलं असतं तर बोट सोडावी लागली असती, आणि बोट सोडली असती तर संध्याकाळी जेवताना काय झालं असतं ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मला राग आला. बसा ओरडत, असं मी मोठ्याने म्हणालो. रिकाम्या खोलीत म्हणालो, पण म्हणालो. मग आवाज बारीक केला.

हिशोब वगैरे मी नंतर रचला. 'लांबचा' हा शब्द मी चिडून लिहिला होता. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं लिहिताना. एका पेल्याच्या थट्टेसाठी मी ताईचा संसार पाण्यात घातला.

७

पुढच्या आठवड्यात ताई टेकडी चढून आली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. समुद्र ढिम्म हलत नव्हता. ती दारात धापा टाकत उभी राहिली, हातात पिशवी.

"इतक्या पायऱ्या? म्हणून तुझं पोट सुटत नाही होय," ती म्हणाली. आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. "वर्ष होत आलं, तू घरी पाऊल टाकलेलं नाहीस. मी काही बोलले का तुला? कुणी काही बोललं का?"

"कामं असतात गं."

"कामं! माझ्याकडे बघून बोल."

मी घड्याळाकडे बघत होतो. नऊ पस्तीस. "ताई, खाली कॅन्टीनला बसू. इथे बाहेरच्यांना बसायला परवानगी नाही."

"बाहेरची? मी?" ती दुखावली. "बसू दे दोन मिनिटं. पाय दुखतायत."

मी सेटच्या बटणाकडे हात नेला. पाळीवर सेट बंद करणं म्हणजे नोकरी जाणं. बारीक करता आला असता. त्याच बटणावर तेच बोट ठेवायचं माझ्याच्याने होईना. मी हात मागे घेतला आणि बसून राहिलो.

नऊ चाळीसला हाक आली.

ताईची पिशवी मांडीवर होती. तिने ती हळूच खाली ठेवली. तिसरी हाक संपली आणि शांतता सुरू झाली तेव्हा तिने विचारलं, "हा लांबचा आहे का रे?" आमच्या घरात तो शब्द सगळ्यांना माहीत होता.

"हो," मी म्हणालो. "पन्हळीचा दिवस आहे ना. आपला नाही तो."

मिनिट संपलं. आवाज पुन्हा आला. इंजिन, पाणी, सहा नंबर. आणि मग, अगदी साधेपणाने, "लांबपल्ले, ऐकतोयस ना?"

"लांबच्या माणसाला तुझं नाव कसं माहीत?" ताई म्हणाली.

मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

"कधीपासून येतंय हे?"

खोटं बोलायला जागा होती. पंधरा दिवस झाले, असं म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण तिने माझा हात धरला होता. मी खाली मान घालून सांगितलं, "त्या दिवसापासून. त्या दिवशी मी ऐकलं होतं, ताई. ओळखलंही होतं. मला वाटलं थट्टा करतायत."

तिने हात सोडला. उठून खिडकीपाशी गेली. टेबलावरची दुर्बीण तिने उचलली आणि समुद्राला लावली. अशा दिवशी क्षितिजावर नुसत्या डोळ्यांनीही नको ते दिसतं. जी हवा आवाज वाकवते ती उजेडही वाकवते. पलीकडची जहाजं उचलल्यासारखी होतात, लांबट होतात, उलटी टांगलेली दिसतात. मी ते शंभर वेळा पाहिलं आहे आणि त्याचं कारण मला माहीत आहे.

"उत्तर दे," ती दुर्बीण न काढता म्हणाली.

"ताई..."

"तुला हाक मारतायत. दे उत्तर."

मी माइक उचलला. घामाने तो हातातून सटकत होता. बटण दाबलं आणि जे त्या सकाळी म्हणायला हवं होतं ते म्हणालो, "ऐकतोय, भावोजी."

ताईच्या तोंडून श्वास घेतल्याचा आवाज आला. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. दुर्बीण तिच्याकडे होती, पण सहा नंबरच्या वर, जिथे समुद्र संपून हवा सुरू होते त्या चमकत्या पट्टीत, मलाही काहीतरी दिसत होतं. एक बारकी बोट होती, पाण्याला न टेकलेली, आणि तिच्यावर तीच बोट उलटी. मधे उभी एक रेघ. त्या रेघेने तोंडाजवळ काहीतरी धरलं होतं. मी बोलल्यावर तिने ते कानाला लावलं.

सेटमधून खरखर झाली.

"हां. आहेस होय," भावोजी म्हणाले. दमलेला आवाज होता. दार उशिरा उघडलं की बाहेरचा माणूस बोलतो तसा. "किती वेळ लावलास रे."

"बोट पाठवतो, भावोजी. आत्ता पाठवतो." हे मी खरंच म्हणालो. अकरा महिन्यांनी.

"नको आता. ऊन फार चढलंय." पाणी लाकडावर आपटलं. "एक कर. तुझ्या ताईला सांगू नकोस मी हाका मारल्या ते. ती तुझ्याशी बोलणं टाकेल. मी ओळखतो तिला. तुझ्याशिवाय तिला कुणी नाही आता, आणि तुला तरी कोण आहे?"

माझ्या हातातला माइक ताईने काढून घेतला. बटण कुठलं ते तिला दाखवावं लागलं नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

तेवढंच. सेटमध्ये काही क्षण पाण्याचा आवाज होता, मग तोही गेला. आणि मग पलीकडचा पायलट, बर्फवाला, सगळे एकदम फुगून बोलायला लागले. ताई पुन्हा दुर्बीण लावून उभी राहिली. वारा सुटून क्षितिज जागेवर बसेपर्यंत, म्हणजे दुपारी एकपर्यंत, ती तिथून हलली नाही. मी मागे उभा होतो. तिला पाणी हवं का, हे विचारायचीही माझी हिंमत झाली नाही. मग तिने दुर्बीण टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली.

८

त्यानंतर पन्हळीचे बरेच दिवस आले. मी सेट पूर्ण मोठा करून बसतो. नऊ चाळीसला कुणी हाक मारत नाही. पलीकडचे काका एकदा म्हणाले, "तुमचा माणूस गप्प झाला. घेतलात वाटतं शेवटी," आणि मी हो म्हणालो. चौकशीच्या साहेबांना मी सगळं लिहून पाठवलं आहे. अजून उत्तर नाही. नोकरी गेली तर बरंच होईल, असं वाटतं, आणि तसं वाटल्याचीही लाज वाटते.

भावोजी ताईला ओळखत होते. ती माझ्याशी बोललेली नाही. दोनदा घरी गेलो. दार उघडं होतं, तिने मला आत येताना पाहिलं आणि भाजी निवडत राहिली. मी अर्धा तास बसून परत आलो. आता फोन करतो, रोज, पाळी संपल्यावर. ती फोन उचलते, हे विशेष. उचलते आणि काही बोलत नाही.

"ताई, मी बोलतोय," मी म्हणतो. थोडा थांबतो. पुन्हा म्हणतो.

काल दिवसभर वारा नव्हता. मी फोन केला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. तिचं घर गावात आहे, तिसऱ्या मजल्यावर, समुद्र तिथून दिसतही नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे, अगदी जवळ, पाणी लाकडावर आपटत होतं. ती भांडी घासत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग बादली भरत असेल, असं सांगितलं. पण सेटवर भावोजींच्या मागे ऐकलेला तोच आवाज होता तो.

"ताई, तू कुठे आहेस?" मी विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही. मी फोन ठेवला नाही. तिनेही ठेवला नाही.